तेराची चावी

प्रज्ञा,

परवा तुझा जलदान विधी झाला. मांडव तुझ्या शाळेच्या पटांगणात घातला, आपल्या अंगणात एवढी माणसं मावलीच नसती. भन्तेजींचं आटोपल्यावर एकेक जण बोलायला उठला. कुणी तुला वाघीण म्हणालं, कुणी देशाची लेक. तुझे केंद्रप्रमुख म्हणाले, बाई रजेचा अर्ज इतका नेटका लिहायच्या की नाकारायला जीव व्हायचा नाही. तू असतीस तर फिस्सकन हसली असतीस. मग माईक माझ्या हातात आला. "आता मामांनी दोन शब्द बोलावेत, ते सहाही दिवस तिच्याबरोबर होते." सहाही दिवस बरोबर होतो, तेच तर आहे. मी तुझ्या शाळेचं नाव सांगितलं, तुमच्या संघाचा निकाल सांगितला आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मामाला भरून आलं. भरून आलं होतंच, पण गप्प बसलो ते त्यामुळे नव्हे.

तिथं बोललो नाही ते इथं लिहितोय. यातलं अर्धं तुला ठाऊक आहे. उरलेलं तुला कधी कळलं होतं का, हे मला आता कोण सांगणार?

तुझं हेल्मेट ताईने, तुझ्या आईने, बाहेरच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर ठेवलंय. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. मागच्या बाजूला तिरंग्याचं स्टिकर आहे ना, माझ्या दुकानात कापलेलं, भेटायला येणारे त्यालाच हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. आपली खाडीची हवा दमट, खारट. या हवेत रेडियम किती टिकतं ते म्हसळ्यात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? गेल्या आठवड्यात बघितलं तर खालचा कोपरा उचलायला लागलाय. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

तुझे बाबा गेले तेव्हा ताईने त्यांची मोटारसायकल माझ्या गॅरेजात आणून लावली आणि म्हणाली, विकून टाक. तू मागून आलीस आणि म्हणालीस, विकायची नाही. डी.एड.चं शेवटचं वर्ष होतं तुझं. मी इंजिन खोलायला घेतलं तर तू म्हणालीस, मामा तू उघड, मी बघते. मी खेकसलो, बघायला ही काय जत्रा हाय? पाना तुझ्या हातात दिला आणि मी स्टुलावर बसलो. तीन दिवस लागले तुला. तीन दिवसांत मी गाडीला बोट लावलं नाही, फक्त शिव्या घातल्या. तेव्हा मला काय ठाऊक, पुढे एका परक्या देशात मला हेच करायला लागणार आहे आणि तिथं ते नियमाचं असणार आहे.

त्या बदल्यात तू माझं शुद्धलेखन सुधारलंस. रिक्षांच्या काचेवर लावायची ‘आईचा आशीर्वाद’ची पट्टी मी वर्षानुवर्षं ‘आर्शिवाद’ अशी कापत आलो होतो, आणि आख्खा तालुका तीच मिरवत होता. तू नोकरीला लागलीस त्याच महिन्यात दुकानात उभी राहून म्हणालीस, "मामा, रफार शी वर नसतो, वा वर असतो. अर्धा तालुका चुकवलास." मी म्हटलं, आशीर्वाद पोचतो ना? तू म्हणालीस, चुकीच्या पत्त्यावर पोचतो. मग बाजूला उभी राहून मला तो शब्द दहा वेळा कापायला लावलास. आज म्हसळ्यात जी रिक्षा बघशील तिच्यावर तो शब्द बरोबर आहे. ही माझ्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट, आणि ती तुझ्यामुळे झाली.

शनिवारी शाळा सुटली की तू गाडी काढायचीस. जांभ्याच्या सड्यावरून, करवंदीच्या जाळ्यांतून, कधी दिघीवरून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे आगरदांड्याला, तिथल्या खाजणात चिखलात गाडी घालायला. मी जीप घेऊन मागे. आपलं भांडण एकच होतं. तू म्हणायचीस, जो पडत नाही तो शिकत नाही. मी म्हणायचो, पडायचं तर माझ्या डोळ्यांदेखत पड. तू म्हणायचीस, मामा, पडणं काय वेळ ठरवून येतं? दहा वर्षं हे भांडण चाललं आणि मिटलं नाही. आता ते माझ्या एकट्याच्या गळ्यात आहे.

पोर्तुगालमधल्या सहा दिवसांच्या मोटारसायकल शर्यतीसाठी देशाच्या बायकांच्या संघात तुझं नाव आलं तेव्हा ताईने पहिला प्रश्न विचारला तो मला. सहा दिवस? रोज? मी तिला सगळं समजावलं. जगभरचे संघ येतात, डोंगरातून, ओढ्यातून, दगडातून रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी चालवायची, सहा दिवस तीच गाडी. गाडीचं जे काय करायचं ते जिने चालवायची तिनेच करायचं, दुसऱ्या कुणी हात लावला की ती बाद. बाहेरून हत्यार हातात द्यायला परवानगी, तोंडाने सांगायला परवानगी, बस्स. आणि बायकांचा संघ तिघींचा. तिघींचाही वेळ धरतात, एक सुटली की संघ गेल्यात जमा. ताई ऐकत होती, पण तिला या सगळ्यात एकच कळलं.

"म्हणजे ती पडली तर तू उचलणार न्हायस," ती म्हणाली.

"मी हाय ना," मी म्हटलं. याला उत्तर म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

पोर्तुगालमधले शर्यतीआधीचे ते दोन दिवस मला फार आठवतात. भाड्याने घेतलेल्या गाड्या ज्या म्हाताऱ्याच्या वर्कशॉपात होत्या, तो आपल्या संघाच्या व्हॅनकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता आणि त्यात एक शब्द होता, ‘शाव्ह’. तू पटकन खिशातून व्हॅनची चावी काढून दिलीस. म्हातारा चाट. हिला आमची भाषा कशी येते? तू मला म्हणालीस, मामा, आपल्या रेवदंड्याला पाचशे वर्षांपूर्वी येऊन राहिलेले हेच ते, पाव यांचा, बटाटा यांचा, चावी यांची. मग थोड्या वेळाने तो पुन्हा ‘शाव्ह’ म्हणाला. तू पुन्हा व्हॅनची चावी पुढे केलीस, तर त्याने मान हलवली आणि पान्यांच्या पेटीकडे हात केला. त्यांच्यात किल्लीलाही तोच शब्द आणि पान्यालाही तोच. तू हसून हसून खाली बसलीस. त्या दिवसापासून आपल्या तंबूत पाना बंद झाला. तेराची चावी दे, सतराची चावी दे. संघातल्या दुसऱ्या दोघी, पंजाबची आणि कूर्गची, त्यांनाही तू हे शिकवलंस, मराठीतून. ‘चावी’ म्हणताना तू डावी भुवई उडवायचीस आणि नंबर कधी विसरायची नाहीस. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं. नंबर कधी विसरायची नाहीस.

शर्यतीचे पहिले तीन दिवस चांगले गेले. दमलीस, हातपाय सोलले, पण डोळे जागेवर होते.

चौथ्या दिवशी दुपारच्या थांब्यावर तू उशिरा आलीस. पुढून गाडी ठीक होती, चिखल नेहमीसारखा. पण हेल्मेटच्या मागच्या बाजूला हिरवट शेवाळ लागलं होतं. शेवाळ दगडावर असतं, वाटेवर नसतं. मी विचारलं, कुठे पडलीस? तू माझ्याकडे बघितलंस, जरा जास्तच वेळ, आणि म्हणालीस, "बसले होते." पाणी प्यायलीस आणि निघून गेलीस.

संध्याकाळी टायर बदलायला पंधरा मिनिटं मिळायची. पिवळं जाकीट घातलेला माणूस समोर उभा, त्याचे डोळे तुझ्यावर नसायचे, माझ्या हातांवर असायचे. म्हणून मी रोज हात पाठीमागे धरून उभा राहायचो, एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडून. हत्यार द्यायचं तेवढ्यापुरते सोडायचे, पुन्हा मागे.

तू गाडीशी बसलीस आणि हात पुढे केलास.

"चावी."

मी नंबराची वाट बघितली. नंबर आला नाही. आसाचा नट होता तो, तू रोज ज्या पान्याने सोडवायचीस तोच मी दिला. तू तो हातात फिरवून बघितलास आणि खाली ठेवलास.

"चावी."

टायर काढायची पट्टी दिली. ती बरोबर निघाली. मग तू काम करत राहिलीस, डावा हात जरा मागे राहत होता, पण करत राहिलीस. टायर चढलं. घाम डोळ्यांत गेला तसं तू पुन्हा हात पुढे केलास आणि पुन्हा म्हणालीस, चावी. तुझी नजर पाण्याच्या बाटलीवर होती. शेजारी त्या दोघी आपापली टायरं चढवत होत्या, त्या खो-खो हसल्या. मी पण हसलो. म्हटलं, बघा, बाई आता पाण्यालापण चावी म्हणायला लागल्या. तू हसली नाहीस. तू आमच्याकडे अशी बघत होतीस की हे लोक का हसतायत. भुवई जागची हलली नव्हती.

बाय, मला त्या क्षणी कळलं होतं. मी हे गोल फिरवून सांगणार नाही. आणि पुढच्या क्षणाला मी स्वतःला सांगितलं, थट्टा चाललीय, आपलीच तर थट्टा आहे. दुसरा कुठलाही शब्द चुकली असतीस तर मी तुला हाताला धरून डॉक्टरच्या तंबूत नेलं असतं. पण चुकलीस ती नेमक्या त्या शब्दावर, जो आपण चौघं इतके दिवस मुद्दाम चुकवत होतो.

तू तोंड धुवायला गेलीस. हेल्मेट खोक्यावर होतं. शेवाळ पुसावं म्हणून मी ते उचललं, आणि पुसलं तर खाली चीर होती. कानाच्या मागून खाली, माझ्या करंगळीएवढी. दुसरं हेल्मेट होतं त्या बॅगेत, जी येताना मधल्या विमानतळावर राहिली ती शेवटपर्यंत आलीच नाही. रोज सकाळी निघायच्या आधी एक अधिकारी हेल्मेट हातात घेऊन फिरवून बघायचा. त्याने ही चीर बघितली असती तर डॉक्टर, डॉक्टरने दोन प्रश्न विचारले असते तर तू घरी, आणि तू घरी तर तिघींचा संघ घरी. पहिल्यांदा गेलेला संघ. पंजाबच्या पोरीने तिसऱ्या दिवशी सुजलेल्या मनगटाने गाडी ओढली होती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तुझं डोकं माझ्या डोक्यात आलं नाही.

व्हॅनला लावायला म्हणून मी दुकानातून तिरंग्याची स्टिकरं कापून नेली होती. एक उरलं होतं. मी चीर फडक्याने कोरडी केली, स्टिकर वरून लावलं आणि अंगठ्याने मधून कडेला दाबत बुडबुडे काढले, जसं गेली पंचवीस वर्षं काढतोय. झकास बसलं. गाडीला हात लावायचा नव्हता. हेल्मेटबद्दल नियमात काही लिहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या अधिकाऱ्याने हेल्मेट फिरवलं, झेंडा दिसला, त्यावर दोनदा थोपटलं आणि हसून तुझ्या हातात दिलं. तूपण त्याच्याकडे बघून हसलीस. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलोय की तूच म्हणाली होतीस, मामा कुणाला बोलू नकोस. रोज रात्री तो आवाज आठवायचा प्रयत्न करतो. येत नाही. तू तसं म्हणाली नव्हतीस. तू फक्त चावी म्हणाली होतीस.

सहाव्या दिवशी तिघी पोचलात. खालून तिसरे आलो, पण पोचलो. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तू डावीकडे, जिथं काहीच नाही. तो फोटो परवा मांडवात लावला होता. लोक म्हणत होते, बघा, लांबचं बघत्ये.

घरी आल्यावर तू शाळेत रुजू झालीस. डोकं दुखतं म्हणायचीस, ऊन म्हणायचीस, गोळी घ्यायचीस. दिघीवरून फेरीबोटीत बसलो तेव्हा मध्येच विचारलंस, आपण जातोय की येतोय? मी म्हटलं, जातोय. तू मान हलवलीस. मी पाण्याकडे बघत बसलो.

आणि मग मी ते केलं, जे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. एका रिक्षाची पट्टी कापायची होती. मी ती मुद्दाम चुकीची कापली. ‘आईचा आर्शिवाद’. जुन्या सवयीने नाही, ठरवून. तू शाळेतून येताना दुकानात आलीस तेव्हा ती काचेवर धरली आणि म्हटलं, बघ बरं, जमलंय का. तू ती वाचलीस. ओठ हलले तुझे, अक्षर अक्षर वाचलंस. आणि म्हणालीस, "छान झालंय, मामा."

पट्टी माझ्या हातात होती. तुला त्याच पावली जीपमध्ये घालून मुंबईला न्यायला हवं होतं. मी म्हटलं, रविवारी नेऊ. नेऊन सांगायचं काय? कधी लागलं, कुणाला माहीत होतं, का बोलला नाहीत? मला त्या प्रश्नांची भीती वाटली. चार दिवसांचा तर सवाल आहे, म्हटलं. शुक्रवारी तू फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसलीस. तिसरीची पोरं सांगतात, बाईंनी खडू हातातच ठेवला होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात रक्त साकळलंय, नवीन नाही, काही आठवड्यांचं आहे, फार उशीर झालाय. विचारलं, महिन्याभरात डोक्याला मार लागला होता का? ताईने लगेच मान हलवली.

"न्हाय, न्हाय. मामा व्हता की तिच्यासंगती." आणि माझ्याकडे वळली. "व्हय ना रे?"

"न्हाय, तसं काय न्हाय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या वेळेला खरं बोललो असतो तरी तू वाचली नसतीस, कारण आणलं तेव्हाच फार उशीर झाला होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. याचा मला काडीचा आधार वाटत नाही.

हे इथवर काल लिहिलं. ताईच्या तोंडासमोर बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून लिहिलं, आणि म्हटलं, कधीतरी तिच्या हातात देऊ. कधीतरी. माझा रविवार असतो तसाच.

आज सकाळी ताईचा निरोप आला, जरा येऊन जा. गेलो तर हेल्मेट मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. शेजारी डिंकाची बाटली आणि स्वच्छ धुतलेलं फडकं. चष्मा कपाळावर.

"हे सुटतंय बघ," ती म्हणाली. "तुझ्या हातचं हाय, तूच चिकटव."

मी तिच्यासमोर बसलो. हेल्मेट घेतलं. कोपरा बोटाच्या पेरात धरला. डिंकाचं एक बोट लागलं असतं, बाय. एक बोट डिंक आणि अंगठ्याचा एक दाब, आणि पुढची दोन वर्षं चिंता नव्हती.

"ताई, हे चिकटवायचं न्हाय," मी म्हटलं, आणि एका दमात ओढून काढलं.

खाली चिकट गोंद राहिला होता आणि त्यात ती चीर. ताईने चष्मा खाली ओढला. हेल्मेट परत आपल्याकडे घेतलं आणि चिरेवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वर. कधीचं, असं विचारलं. मी चौथ्या दिवसाचं म्हणून सांगितलं. मग शेवाळ सांगितलं, चावी सांगितली, अधिकाऱ्याने थोपटलं ते सांगितलं, पट्टीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. ताईचं बोट चिरेवरच होतं. रडली नाही. मी थांबल्यावर बोलली.

"डॉक्टरनी इचारलं तवा तू न्हाय म्हणालास."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं."

"व्हय."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ताई तिच्याकडे बघत राहिली, ती वळेपर्यंत. स्टिकर काढलं की गोंद तसाच ठेवायचा नसतो, त्यावर धूळ बसते, ही हाताची सवय. फडकं जवळच होतं. मी ते घेतलं आणि हेल्मेट पुसायला हात पुढे केला.

ताईने ते छातीशी ओढून धरलं.

"हात लावू नको," ती म्हणाली.

मी उठलो. दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, आणि तसाच तिच्यासमोर उभा राहिलो.